वॉलवरचं वंगण

अकोल्याच्या बर्फाच्या कारखान्यात माझं काम बर्फ करायचं नव्हतं. जिथे तो व्हायला नको तिथे तो होऊ न द्यायचं होतं. हे ऐकून लोक हसत. माझे सासरे बाळापूरला चारचौघांत सांगत, "आमचे जावई बर्फाच्या कारखान्यात बर्फच होऊ देत नाईत," आणि मग मला अर्धा तास बसून ते सगळं समजावून सांगावं लागे. समजावूनही कुणाला पटत नसे. मीही पुढे पुढे तो नाद सोडून दिला.

आम्ही जुन्या शहरातले माळी. मोर्णेच्या काठाला आमचा तुकडा होता. वांगी, मेथी, पालक, सणासुदीला झेंडू. तीन भावांत तो तुकडा पुरेना, म्हणून मधल्यानं, म्हणजे मी, नोकरी धरली. तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं, चार वर्षांची मुलगी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. घरोघरी बर्फ करायची पेटी ही गोष्ट कुणी ऐकलेलीही नव्हती. लग्नाला, सरबताला, तापाच्या रोग्याच्या डोक्यावर ठेवायला, सगळा बर्फ आमच्याकडून जायचा. अमरावतीलाही भुशात गुंडाळून, वर पोती टाकून रेल्वेनं जायचा आणि पोचेपर्यंत त्याचा तिसरा हिस्सा पाणी होऊन गेलेला असायचा.

कारखान्यात मिठाच्या पाण्याचा मोठा हौद होता. ते पाणी बर्फापेक्षा गार, पण मिठामुळे गोठत नसे. त्यात साध्या पाण्यानं भरलेले पत्र्याचे लांबट डबे सोडायचे, की डब्यातल्या पाण्याची लादी होई. हौदातून लोखंडी पाइप फिरवलेले आणि पाइपांतून अमोनिया. नवसागर आणि चुना हातावर चोळून नाकाशी धरलं तर जो झणका बसतो, तोच याचा वास, पण हजारपट. हा अमोनिया पाइपांत किती सोडायचा ते एका वॉलवर ठरे. हौदाच्या खोलीत, दारापासून सात-आठ पावलांवर, भिंतीशी तो वॉल होता. त्यातून बाहेर आलेली बोटाएवढी जाड दांडी आणि तिच्यावर फिरवायचं लोखंडी चक्र. पाइपांवर पांढरा बर्फ धरला तर उत्तम, यंत्र नीट चाललंय असं समजायचं. पण त्या दांडीवर धरला तर चक्र जाम. आणि कधी अमोनिया फुटलाच, तर धावत जाऊन पहिल्यांदा तोच वॉल बंद करायचा असे. नाहीतर टाकीतला सगळा अमोनिया खोलीत, आणि खोलीतून भिंतीपलीकडच्या झोपड्यांत. तिथे आमच्याच मजुरांची बायकापोरं राहत.

तेव्हा माझं काम असं, की रोज सकाळी त्या दांडीवर धरलेलं दव कोरड्या फडक्यानं अगदी ठणठणीत पुसायचं आणि तिच्यावर बोटभर वंगण थापायचं. मला सगळे तेलवाला म्हणत. हे काम मला मिस्त्रींनी शिकवलं. "पान्याले लोखंड दिसलं नाई पायजे," ते म्हणत. हवेतला ओलावा लोखंडाला शिवला नाही, की बर्फ धरायला जागा मिळत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. वंगण पिवळं, डब्यातून येई, आणि कितीही गार जागी ठेवलं तरी मऊच राही.

मिस्त्री अमरावतीचे, राजापेठेत त्यांचं घर. लोहाराच्या कुळातले, पन्नाशीचे. कारखान्याच्या आवारातच एका खोलीत राहत आणि शनिवारी घरी जात. तोंडानं फाटके. माझी दांडी पुसून झाली, की मागे उभे राहून म्हणत, "डोये मिट. आता वॉल बंद कर." मी डोळे मिटून सात-आठ पावलं चालत जायचो, चक्र चाचपायचो आणि दोन फेऱ्यांत बंद करायचो. अमोनियात डोळे उघडता येत नाहीत, म्हणून ही तालीम. चुकलो तर आयमाय काढत, आणि दुपारी जेवताना त्याच तोंडानं आपल्या डब्यातली भाकर माझ्यापुढे सरकवत. मी त्यांना भ्यायचो, आणि मला ते आवडायचे. दोन्ही खरं.

एकदा वंगणाचे डबे पोचवणारा माणूस आला. तंबाखू मळता मळता तो सहज म्हणाला, की या पिवळ्या मालात चरबी असते. कुणाची, म्हणून विचारलं तर खांदे उडवून हसला. हौदावरच्या दोघांनी ते ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत ते माझ्या आधी माझ्या घरी पोचलं.

माझे वडील माळकरी. आयुष्यात त्यांनी कुणाला आवाज चढवून बोललेलं मी ऐकलं नाही, आणि तेव्हाही त्यांनी आवाज चढवला नाही. नुसता आपला पाण्याचा तांब्या उचलून माझ्यापासून लांब ठेवला. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट ओसरीवर आलं. मी तोडलेली मेथी देवाच्या नैवेद्याला चालेना. मुलगी रोज संध्याकाळी दारात उभी राहून म्हणे, "बाबा, हात दाखवा." कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मी चिडायचो, आणि हात दाखवायचो.

आठ दिवसांनी वडीलच बोलले. "त्याच हातानं लाद्या उचलतं ना तू? तो बर्फ बिमाराच्या तोंडात जाते. सप्त्याच्या सरबतात जाते. एवढ्या लोकायचं पाप कोन घेईन?"

"मंग नोकरी सोडू का?"

"मी काई सोड म्हनत नाई. ते हाताले लावनं सोड."

आता सरळ रस्ता होता. मिस्त्रींकडे जायचं, घरची अडचण सांगायची. पण मी त्यांना भीत होतो हे वर सांगितलंच. ते म्हणतील, "लेका, मशिनीले धरम नसते," आणि सगळ्यांदेखत माझी रेवडी उडवतील, असं मीच मनाशी ठरवून टाकलं. विचारलं नाही. मी स्वतःला फार हुशार समजत असे, त्यामुळे मी माझा माझाच तिसरा रस्ता काढला.

अकोल्यात सरकीच्या तेलाला काय तोटा? गावात शिरलं की वासच त्याचा. मी तेल्याकडून सरकीचं तेल आणलं, त्यात मधाच्या पोळ्याचं मेण वितळवून घातलं आणि थंड होऊ दिलं. अगदी लोण्यासारखं झालं, आणि रंगही पिवळाच. उन्हाळ्याचे दिवस, बाहेर अंग भाजत होतं. वंगण बोटावर घेतलं तर सुरेख घसरत होतं. थंडीत हेच तेल बाटलीत ढवळं होतं आणि तळाशी बसतं, हे मी लहानपणापासून दर वर्षी पाहिलेलं. पण एप्रिलच्या उन्हात थंडीतली बाटली कुणाला आठवते? मी कारखान्यातला डबा रिकामा केला, आतला सगळा माल कोळशाच्या राखेच्या ढिगामागे पुरला, डबा घासला आणि माझं वंगण त्यात भरलं.

त्या संध्याकाळी नदीवर जाऊन अंग घासून आंघोळ केली आणि वडिलांना म्हटलं, "सोडलं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "पानी दे." मी तांब्या दिला आणि ते माझ्या हातचं पाणी प्यायले. मला रडू आलं. मी ते लपवायला परसात गेलो आणि उगाच वांग्यांना पाणी घालत बसलो.

पहिले तीन-चार दिवस सगळं बरं चाललं. मग एका सकाळी दांडीवरचं माझं लोणी पांढरं आणि कडक झालेलं दिसलं, मेणबत्तीसारखं. चक्र थोडं फिरवलं तशा त्याला भेगा पडल्या. दुसऱ्या दिवशी त्या भेगांत दोऱ्याएवढं बर्फाचं कडं. मी बांबूच्या चिपाटीनं ते खरवडलं, ऊन पाण्यातलं फडकं दांडीला गुंडाळलं आणि आणखी वंगण थापलं. त्यानं आणखीच वाईट झालं. जितकं जास्त थापावं तितकं जास्त तडकायचं, आणि तितका बर्फ आत शिरायचा.

मिस्त्री रोज सात वाजता येऊन वॉल थोडा मागेपुढे करत. मी आधी सहाला येत असे, आता साडेपाचाला यायला लागलो. बायको म्हणाली, "एवढ्या झुंजरकं कोनती बायको वाट पाहून रायली तिथं?" ती थट्टेत म्हणाली, आणि मी तिच्यावर खेकसलो. इंजिनाच्या नळाला गरम पाणी असे. ते बादलीत घेऊन दांडीवर ओतायचं, कडं सुटायचं, मग पुसून पुन्हा थापायचं. मिस्त्री येईपर्यंत चक्र मोकळं. त्यांनी फिरवलं की मी दुसरीकडे पाहत उभा राहायचो, आणि ते गेले की श्वास सोडायचो. दहा वाजेपर्यंत दांडी पुन्हा धरलेली असे.

म्हणजे दिवसातले दोन-तीन तास वॉल फिरत होता आणि उरलेला सगळा वेळ तो जाम होता. ही गोष्ट मला माहीत होती. कुणी मला भोळा म्हणून सोडून देऊ नये, म्हणून हे इथे स्पष्ट लिहितो. मला माहीत होतं, एकट्या मलाच माहीत होतं, आणि मी रोज उद्या सांगू म्हणत होतो. सांगायचं म्हणजे मिस्त्रींकडे नवा डबा मागायचा, जुना कुठे गेला ते सांगायचं, आणि घरी पुन्हा ओसरीवरचं ताट. दहा-बारा दिवस मी असे काढले. जेवण जाईना. इंजिनाचा आवाज जरा बदलला की हातातलं काम टाकून हौदाच्या खोलीकडे जायचो. एकदा मुलीनं पितळी खाली टाकली तर मी उभा राहिलो आणि दाराकडे धावलो. बायको तोंडाकडे पाहतच राहिली.

मग ती दुपार आली. लग्नसराई ऐन भरात होती, अमरावतीहून लाद्यांची मागणी आलेली, आणि मिस्त्रींनी यंत्र जोरात चालवलं होतं. दोनच्या सुमारास हौदाच्या खोलीत फट्‌ असा आवाज झाला आणि पाठोपाठ लांबच लांब शिट्टी. दोन पाइपांच्या सांध्यातली चकती उडाली होती. हौदावरचे सहा जण तोंड झाकून बाहेर धावले. मिस्त्रींनी एकेकाला हात लावून मोजलं, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे बघून ओरडले, "वॉल!"

मी दारापाशीच होतो. उपरणं भिजवून नाकातोंडाला गुंडाळलं, डोळे मिटले आणि आत गेलो. सात पावलं. हाताला चक्र लागलं. मी ते फिरवायचा प्रयत्न केला, आणि ते भिंतीचाच भाग असल्यासारखं जागचं हललं नाही. मी त्याला लोंबकळलो. तळहात थंडीनं चिकटले, सोडवताना कातडी निघाली. छातीत आग पेटली आणि मी पळत बाहेर आलो.

"झालं?" मिस्त्री दारातच होते.

"नाई. फिरत नाई."

"काहून फिरत नाई?"

मी खोकायला लागलो. खोकला खरा होता. पण एक शब्द बोलता येणार नाही इतका नव्हता. गोठला, एवढाच शब्द होता. माझ्या जिभेवर आला होता. त्याच्यामागून सरकीचं तेल आलं असतं, पुरलेला डबा आला असता, पहाटेच्या बादल्या आल्या असत्या. मी खोकत राहिलो.

मिस्त्रींनी क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं. "सरक. तुयाच्यानं नाई होत," म्हणाले. माझ्या तोंडावरचं उपरणं ओढून घेतलं, पाण्यात बुचकळलं आणि आत शिरले. मोकळ्या हातांनी.

मी इंजिनाकडे धावलो. गरम पाण्याचा नळ सोडला. खाली बादली धरली. भरली तशी घेऊन दारात येऊन उभा राहिलो. आत का गेलो नाही? हिंमत झाली नाही. दुसरं काही कारण नाही. आतून शिट्टी चालूच होती, आणि त्या आवाजात मिस्त्रींचे हुंकार ऐकू येत होते. भिंतीपलीकडून कुणी बाई मुलांना हाका मारत होती.

मिस्त्री वाकून, भिंतीला हात लावत बाहेर आले. "गोठला हाय! गरम पानी! गरम पानी आना!" मी बादली त्यांच्या हातात दिली. बादलीची कडी धरताना त्यांचा हात जरा थांबला. तोंड वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मग ते पुन्हा आत गेले.

या खेपेला आत अमोनिया गच्च भरला होता. आणि पाणी नेमकं दांडीवर पडायला हवं, इकडेतिकडे सांडून चालणार नाही, म्हणून त्यांना डोळे उघडावे लागले. पाणी पडल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं शिट्टी बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि बंद पडली. मिस्त्री बाहेर आले ते चौकट चाचपत. आम्ही त्यांना आडवं केलं आणि मी घागरीमागून घागरी त्यांच्या डोळ्यांवर ओतत राहिलो. झोपड्यांत कुणाला काही झालं नाही. हौदावरच्या सहा जणांनाही नाही.

डॉक्टरांनी डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना अमरावतीला नेलं. चौथ्या दिवशी मालक आले. सगळ्यांना ओळीनं उभं करून विचारपूस झाली. हौदावरचे लोक माझी तारीफ करायला लागले. "आमी सारे पळालो जी, तेलवालाच पयले आत गेला. मंग मिस्त्रीले पानीबी त्यानंच देल्लं." मालकांनी माझ्या पट्टी बांधलेल्या तळहातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "शाबास." मग सांगितलं, की मिस्त्रींनी अमरावतीहून निरोप पाठवलाय: "वॉलची देखरेख माझ्याकडे होती, मी नीट पाहिलं नाही, चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाला बोल लावू नये." मालक खेदानं मान हलवत म्हणाले, "वय झालं मिस्त्रींचं. लक्ष राहत नाही." आणि नवा मिस्त्री येईपर्यंत वॉल माझ्याकडे सोपवला.

तिथेही मी तोंड उघडलं नाही. मालकांना मी नंतर सांगितलं, माझी नोकरी गेली, मिस्त्रींच्या नावावरचा ठपका निघाला, आणि ते योग्यच झालं. पण ते नंतर. त्या दिवशी मी मान खाली घालून शाबासकी घेतली. मला माझीच किळस आली, तरी घेतली.

घरी गेलो तर शाबासकी माझ्याही आधी पोचलेली. वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि आईला गूळ-पाणी आणायला सांगितलं. तो हात मला सहन झाला नाही. मी त्यांना सगळं सांगून टाकलं: तेल, मेण, राखेचा ढीग, पहाटेच्या बादल्या, खोकला. सांगताना एक गोष्ट मी हळूच पुढे केली, ती म्हणजे हे सगळं मी त्यांच्या शब्दाखातर केलं. आपलं पाप थोडं त्यांच्या पदरात घालावं, असा माझा विचार होता.

त्यांनी हात काढून घेतला. "मी तुले हात साफ ठेव म्हनलं होतं," ते म्हणाले. "खोटं बोल म्हनलं नोतं." मग म्हणाले, "सकाऊनच्या गाडीनं जाय. त्यायच्या पायावर डोकं ठेव."

सकाळी आईनं वांग्यांची पिशवी दिली. बडनेऱ्याला गाडी बदलून मी अमरावतीला उतरलो आणि विचारत विचारत राजापेठेत पोचलो. काय बोलायचं ते वाटेत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं. सुरुवात तेलापासून करायची, बादलीपाशी शेवट करायचा. बादली होती म्हणून मला थोडा धीर होता. काही झालं तरी मी पाणी आणलं होतं, वेळेवर आणलं होतं. इतक्या सगळ्या काळ्यात तेवढा एक पांढरा ठिपका मी जपून ठेवला होता.

मिस्त्री ओट्यावर खाटेवर बसले होते. पट्ट्या काढलेल्या होत्या. एका डोळ्यावर दुधाळ पडदा आलेला. दुसऱ्यानं उजेड तेवढा कळतो, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं. मी कोण ते कळल्यावर तिनं पिशवी घेतली आणि ती म्हणाली, "तुमीच पानी देल्लं ना, भाऊ? तुमी नसते तं हे तिथंच पडले असते." मी खाली वाकून मिस्त्रींच्या पायांवर डोकं ठेवलं. ते म्हणाले, "ऊठ," आणि मग बायकोला, "चहा टाक व." ती आत गेली.

रस्त्यावरून बैलांची एक दमणी गेली. मी सुरुवात करायला तोंड उघडलं, तोच ते म्हणाले, "सरकीचं होतं ना?"

"हाव," मी म्हटलं.

"बोटाले लागलं मले. वऱ्हाडातला मानूस हावो मी, सरकीचा वास समजत नाई का मले?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. नेहमी शिव्या देणारा माणूस इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकला नव्हता, आणि मला शिव्या हव्या होत्या. "चरबीपायी केलं असन तू. सांगतलं असतं तं बिनचरबीचं मांगवलं असतं. भेटते तसं वंगन. मालकाले एक चिठ्ठी लिवाची होती."

मी म्हटलं, "मिस्त्री, चुकलो मी. मी सांगाले भ्यालो तुमाले. पन पानी तं मी..."

"तेच इचारतो," ते म्हणाले. "पडल्या पडल्या मले तेवढंच काम हाय आता, इचार करनं. इंजिनापाशी जानं, नळ सोडनं, बादली भरनं, दारात येनं. किती टाइम लागते?"

मी तळहातावरची पट्टी नीट करू लागलो.

"मी बायेर आलो आन पानी मांगतलं, तं तवा बादली तुया हातात भरून होती. मांगाच्या आंधीच." त्यांनी हात पुढे केला, बादली धरल्यासारखा, आणि खाली घेतला. "कडी धरली तवाच समजलं मले का याले माईत होतं. मी आत जाच्या आंधीच माईत होतं. मले वाटलं होतं तुयाच्यात जोर नाई, म्हनून फिरत नसन. म्हनून तं मोकळ्या हातानं गेलो मी."

मी जपून आणलेला पांढरा ठिपका असा होता. त्यांच्या बायकोनं आशीर्वाद दिले होते ते त्याच बादलीसाठी. मालकांनी शाबासकी दिली ती तिच्यासाठी. आणि या माणसाला मात्र तिचं वजन हातात येताक्षणीच सगळं कळलं होतं, आणि ते कळूनही तो तीच बादली घेऊन पुन्हा आत गेला होता, आणि वर निरोप पाठवला होता की चूक आपलीच.

त्यांची बायको चहा घेऊन आली. मिस्त्रींनी तिला खाटेच्या कडेला बसायला सांगितलं.

"आता सांग," ते मला म्हणाले. "पयलेपासून सांग. हिच्यासमोर सांग."

मी ओट्यावर खाली बसलो आणि सांगायला सुरुवात केली. तंबाखू मळणाऱ्या त्या माणसापासून. ती चहाचा कप हातात घेऊन माझ्याकडे बघत होती, आणि हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला. मिस्त्री लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं होतं, पण ते नेमकं माझ्यावर नव्हतं. माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला, जिथे कुणी नव्हतं, तिथे ते पाहत होते.